पहिल्यांदा स्कीइंगला निघालाय? जॅकेट राहू दे, आधी पँट बघा

गुलमर्गचं तिकीट काढल्या काढल्या मी पहिलं काम काय केलं असेल तर आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत जाऊन एक जाडजूड जॅकेट घेतलं. एवढं जाड की घालून गाडीवर बसलो तर हँडलपर्यंत हात नीट पोचेनात. दुकानदार म्हणाला, "ह्यात तुम्ही सियाचिनला पण जाऊन येता बघा." मीपण खूश. खाली काय घालायचं म्हणून विचार केला तर, जीन्स हाय की. आत एक ट्रॅक पँट घातली की झालं.

स्लोपवर पहिल्या अर्ध्या तासातच कळलं काय ते. वर घामानं अंघोळ, बनियन अंगाला चिकटलेलं, आणि खाली जीन्स भिजून पत्र्यासारखी कडक. पडायचं, उठायचं, परत पडायचं, आणि प्रत्येक वेळी बसायचं कुठं तर बर्फात. दुपारी हॉटेलवर येऊन ब्लँकेटमध्ये शिरलो ते संध्याकाळपर्यंत बाहेर नाही.

परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या फौजी मामांना हे सांगितलं. मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, काश्मिरात बरीच वर्षं काढलीत. आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "जाड कपड्यानं थंडी जात नाही गा. अंग कोरडं ठेवायचं, बाकी सगळं सोसतंय." नंतर दोनदा जाऊन आलो ते ह्या एका वाक्यावर, आणि खाली जे काय लिहिलंय ते सगळं त्यातनंच निघालंय. म्हणून आपल्याकडच्या नव्या लोकांसाठी एकदाच सविस्तर लिहून टाकतो, कारण दर डिसेंबरला कोणतरी फोन करून विचारतंच, "अरे, कुठलं जॅकेट घेऊ?"

स्टेप १: कुठं आणि कधी, ते आधी ठरवा

आपल्याकडनं जाणारे बहुतेक गुलमर्ग, औली नाहीतर मनालीजवळचं सोलंग ह्यापैकी एक धरतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. आता गुलमर्ग म्हटलं की सगळे गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या केबल कारचे फोटो बघून घाबरतात, पण तुम्ही शिकणार ते खाली, गोल्फ कोर्सचं मैदान बर्फाखाली जातं त्याच्या आसपासच्या सोप्या उतारांवर. गोंडोलाचा दुसरा टप्पा जातो तो अफरवट डोंगरावर, जवळजवळ ३,९५० मीटरला. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे खाली शून्य असेल तर वर उणे आठ धरा. त्यात वारा. उणे पाचला ताशी ३० किलोमीटरचं वारं सुटलं तर उघड्या चेहऱ्याला ते उणे तेरासारखं लागतं. म्हणून वर फक्त बघायला जाणार असाल तरी त्या दिवशी एक थर जास्त घाला, शिकायच्या दिवशी मात्र एवढं लागत नाही.

महिन्याचापण फरक आहे. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडक थंडीचे दिवस. तेव्हाचा बर्फ कोरडा, पिठासारखा, झटकला की पडतो. मार्चमध्ये दुपारी बर्फाचा नुसता गिच्च चिखल होतो आणि तो कपड्यात मुरतो. मार्चमध्ये थंडी कमी, साधे कपडे चालतील असं लोक म्हणतात, तो हिशोब उलटा आहे. मार्चमध्येच पाणी अडवणारे कपडे जास्त लागतात.

कोर्सला जाणार असाल तर तिथं काय काय मिळतं ते फोन करून विचारा. गुलमर्गला सरकारी स्कीइंग आणि माउंटेनियरिंगची इन्स्टिट्यूट आहे, उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम ह्या सरकारी संस्थेचे कोर्स असतात, मनालीलापण माउंटेनियरिंगची मोठी संस्था आहे. स्की, बूट, पोल (हातात धरायच्या काठ्या) एवढं तिकडं मिळतं असं धरा आणि अंगावरचं सगळं आपलं न्यायच्या तयारीनं चला.

स्टेप २: ओल कुठनं येते ते समजून घ्या

ही स्टेप वाचली नाही तर पुढचं सगळं नुसती खरेदीची यादी वाटणार, म्हणून थोडं थांबा.

ओल दोन बाजूनं येते. बाहेरनं बर्फ, आतनं घाम. सराईत माणूस सरळ घसरत खाली जातो, तो फार पडत नाही आणि लिफ्टवर बसून परत वर येतो. आपण नवीन, आपण वीस पावलात तीनदा पडणार, आणि कितीतरी वेळा स्की खांद्यावर टाकून नाहीतर पायात घालून खेकड्यासारखं आडवं आडवं चढत वर जाणार. ते चढणं म्हणजे शुद्ध हमाली, घाम येणारच. म्हणजे जो नवा त्याला दोन्हीकडनं ओल जास्त, आणि तोच बिचारा जुनी जीन्स घालून गेलेला असतो.

ओला कपडा अंगाला लागला की पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं ओढून घेतं. कॉटन तर घाम पिऊन बसतं आणि सोडत नाही. खानापूर, जांबोटीकडं पावसात मेंढरामागं फिरणारे धनगर बघितलेत ना? अंगावर घोंगडं. दिवसभर भिजतं, भिजून ओझं होतं, पण आत ऊब राहते. त्याच्या जागी सुती चादर घेतली तर तासाभरात दात वाजतात. लोकरीचा धागा ओला झाला तरी आत हवा धरून ठेवतो, कापूस चिपाड होऊन अंगाला चिकटतो. हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आपणच दुकानात गेलो की विसरतो.

आणि नुसतं पाणी अडवून भागत नाही. जुलैत रेनकोट घालून येळ्ळूरचा राजहंसगड चढून बघा, वर पोचेपर्यंत पावसाचा एक थेंब आत नाही तरी शर्ट पिळून काढावा लागतो. तो सगळा आपलाच घाम. स्कीच्या कापडाला म्हणून दोन कामं असतात, बाहेरचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आतली वाफ सोडायची. मामुली रेनकोट पहिलं काम करतो, दुसरं नाही.

स्टेप ३: पैसे आधी पँटवर घाला

बजेट कमी असेल तर जॅकेट कुणाचंतरी मागून आणा, पँट मात्र बरी घ्या. तुमचा बर्फाशी संबंध सगळ्यात जास्त मांडीपासनं खालीच येणार.

लेबलवर १०,००० असा आकडा बघा, मिलिमीटरमध्ये असतो. म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब उभा केला तरी पाणी आत शिरत नाही. ५,००० वाली पँट हलक्या बर्फात, उभ्या उभ्या चालते, पण बसलात गुडघ्यावर टेकलात की दाब वाढतो आणि ओल हळूच आत येते. २०,००० वाली भारी, पण पहिल्या ट्रिपला एवढी नको. वाफ सोडायचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, चोवीस तासात एका चौरस मीटर कापडातनं किती ग्रॅम वाफ जाते तो. तोपण १०,०००च्या जवळ असला तर छान.

कापड चांगलं असलं तरी शिवणीतनं पाणी येतंच, सुईची भोकं असतात ना. म्हणून पँट उलटी करून शिवणीवर आतनं पट्टी चिकटवलेली आहे का बघा. काही पँटला सगळ्या शिवणींवर असते, काहींना फक्त महत्त्वाच्या ठिकाणी. बुडाच्या आणि गुडघ्याच्या शिवणीवर तरी पाहिजेच.

खाली पायाशी आत एक इलॅस्टिकचं दुसरं झालर असतं, ते बूटावरनं ओढून बसवायचं, म्हणजे बर्फ वर घुसत नाही. ते नसलेली पँट घेऊच नका. घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा तुकडा असतो, तो स्कीच्या धारेनं पँट फाटू नये म्हणून. मांडीला चेन असेल तर उत्तम, चढताना उघडायची, वारं खेळतं.

इथं माझा दुसरा गाढवपणा. पँट लांबीला चार बोटं जास्त होती म्हणून मी ती टेलरकडं नेली आणि त्यानं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं खालनं कापून छान टीप मारून दिली. त्यात आतली झालरच गेली, वर टीपेची भोकं. चूक त्याची नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, सांगायला मी पाहिजे होतो. स्की बूट उंच असतो, पँट थोडी लांब असलेली बरीच. कमरेत सैल असेल तर पट्टा लावा, सुई लावू नका.

गॅलससारखे पट्टे असलेली, छातीपर्यंत येणारी पँटपण मिळते. पडल्यावर पाठीत बर्फ जात नाही, लहान पोरांना तर हीच घ्या. बायकांना मात्र टॉयलेटला जाताना सगळं जॅकेट काढून पट्टे सोडायचे म्हणजे वैताग, आमच्या ग्रुपमधल्या एका अक्कांनी दुसऱ्या दिवशीच ती बदलून साधी घेतली.

बाईकवर घालायची रेन पँट चालेल का, हे हमखास विचारतात. एक दिवस चालेल, आत लोकरी नाहीतर पॉलिस्टरचं घालून. पण ती वाफ सोडत नाही, आणि गुळगुळीत असते, उतारावर पडलात की बुडावर घसरत खालपर्यंत जाता. मजा येते पहिल्यांदा.

स्टेप ४: आतले थर

अंगाला लागून पहिला थर, घाम ओढून घेणारा. मेरिनो लोकरीचा मिळाला तर फारच छान, वास येत नाही, दोन-तीन दिवस सलग घालता येतो, पण किंमत जास्त. पॉलिस्टरचा स्वस्त आणि लवकर वाळतो, फक्त वासाच्या बाबतीत रूममधल्यांची आधीच माफी मागून ठेवा. आपल्या बाजारात थर्मल म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा कापूस मिसळलेला असतो. घरी झोपताना घालायला ते बेस्ट, स्लोपवर नाही. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, कॉटन दिसलं की ठेवून द्या. आणि थर्मलच्या आत सवयीनं सुती बनियन घालायचं नाही, मी हे केलेलं आहे, सगळ्या थर्मलवर पाणी पडतं, शब्दशः.

अंगाला घट्ट बसलं पाहिजे पण दम कोंडणार नाही एवढं. दोन जोड पुरेत, एक अंगावर एक वाळत.

मधला थर म्हणजे ऊब. पातळ फ्लीसचं (मऊ, लवदार पॉलिस्टरचं), पुढं चेन असलेलं जॅकेट सगळ्यात सोपं. पिसं भरलेलं हलकं जॅकेट गरम असतं खरं पण ओलं झालं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते, म्हणून घाम येणाऱ्या नव्या माणसाला फ्लीस बरं.

आता आईनं नाहीतर मावशीनं विणलेला स्वेटर. हा भावनेचा विषय आहे, जपून बोलतो. तो न्या, नक्की न्या. खऱ्या लोकरीचा असेल तर मधला थर म्हणून जॅकेटच्या आत घालापण. बाहेर उघडा घालून स्लोपवर जाऊ नका, विणीत बर्फाचे गोळे अडकतात, मग वितळतात. ॲक्रिलिकचा असेल तर संध्याकाळी हॉटेलवर घाला आणि फोटो काढून घरी पाठवा, मावशी खूश.

किती थर घालायचे? बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे, थोडीच. हॉटेलच्या दारात उभं राहून "वा, मस्त गरम वाटतंय" असं वाटलं तर दहा मिनिटात घाम येणार.

स्टेप ५: जॅकेट

वर पँटला सांगितलेले आकडे आणि शिवणीची पट्टी हेच इथंपण बघायचं. जॅकेट जाड नको, आत थर घालायला जागा असलेलं पातळ किंवा मध्यम पाहिजे. कमरेशी आत बटणाचा पट्टा असतो, स्नो स्कर्ट म्हणतात, तो लावला की पडल्यावर बर्फ पोटात शिरत नाही. काखेत चेन असेल तर चढताना उघडता येते. टोपी हेल्मेटवरनं बसणारी, मनगटाला आवळता येणारी. आतल्या खिशात मोबाइल ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीनं बॅटरी पटकन उतरते. रंग भडक घ्या, लाल, पिवळा, कुठलापण, पांढरा तेवढा नको. धुक्यात तुमचीच माणसं तुम्हाला शोधत बसतील.

स्टेप ६: सॉक्स आणि बूट

इथं आपली अक्कल नेमकी उलटी चालते. पाय गारठू नये म्हणून दोन सॉक्स, वर शाळेच्या युनिफॉर्मचे जुने लोकरी. नको. स्की बूट म्हणजे प्लास्टिकचं कडक कवच, त्यात पाय आधीच आवळलेला. दोन सॉक्स घातले की जागा संपते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात, वर सुरकुत्या पडून नडगीला वळ उठतात. एकच जोड, गुडघ्यापर्यंतचा, पातळ नाहीतर मध्यम, लोकर मिसळलेला. रोज कोरडा, म्हणून तीन-चार जोड न्या. थर्मलचा पाय बूटात कोंबायचा नाही, तो बूटाच्या वर दुमडून ठेवायचा, नाहीतर तीन-चतुर्थांश लांबीची थर्मल घ्यायची. बूटात सॉक्सशिवाय काही जाऊ द्यायचं नाही, एवढं पाठ करा.

बूट विकत घ्यायचे नाहीत, भाड्यानंच. त्यांचा नंबर आपला सात-आठ नसतो, पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये असते. निघायच्या आधी घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाय ठेवा, अंगठ्याच्या टोकाला खूण करा, पट्टीनं मोजा. २६ आलं तर २६ नाहीतर २६.५ मागा. बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून नडगी पुढं दाबली की ती सुटली पाहिजेत. टाच वर उचलत असेल तर बूट मोठा. दुकानदार घाई करेल, बाहेर लाइन लागलेली असेल, करू दे. पाच मिनिटं घालून उभं राहायचंच. एक नंबर मोठा, आरामशीर वाटतो म्हणून घेतलात तर स्की तुमचं ऐकणार नाही.

हे झाले स्कीचे. गावात फिरायला वेगळे, पाणी न शिरणारे आणि तळाला चांगली खाच असलेले बूट लागतात. पावसाळ्यात सह्याद्रीत चालायला घेतलेले वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज असतील तर तेच न्या, नाहीतर तिकडं गमबूट भाड्यानं मिळतात.

स्टेप ७: हात, डोकं, डोळे

लोकरीचे हातमोजे चालत नाहीत. पडल्यावर आधी हात टेकतो, लोकर भिजते, मग बोटं संपली. वॉटरप्रूफ, मनगटाच्या वरपर्यंत येणारे आणि तळव्याला मजबूत कापड असलेले ग्लोव्ह्ज घ्या. चार बोटं एकत्र असलेला मोजा जास्त गरम असतो कारण बोटं एकमेकाला ऊब देतात, पाच बोटांचा असेल तर चेन, बकल सोपं पडतं. ज्याचे हात लवकर गारठतात त्यानं पहिला घ्यावा. आत एक पातळ मोजा असू दे, मोबाइल काढताना पूर्ण हात उघडा पडत नाही.

हेल्मेट पाहिजेच, आणि बाईकचं नाही. बाईकचं जड असतं, कान पूर्ण बंद होतात, मागनं कोण ओरडतंय ते कळत नाही. स्कीच्या हेल्मेटवर ईएन १०७७ नाहीतर एएसटीएम एफ २०४० असं सुरक्षेच्या मानकाचं नाव छापलेलं असतं. भाड्यानं घेताना तडा गेलाय का बघा, पट्टा लावून डोकं जोरात हलवा, हेल्मेट फिरलं नाही पाहिजे. माकडटोपी आणि हेल्मेट एकत्र बसत नाही, पातळ बफ (नळीसारखं ताणणारं कापड) गळ्यातनं नाकापर्यंत ओढायचा, बास. मफलर घालून जाऊ नका, टोक लोंबतं आणि ओढणाऱ्या लिफ्टच्या दोरीत अडकू शकतं.

डोळ्यांकडं लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. उंची वाढली की अल्ट्राव्हायोलेट किरणं हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे ऊन वरनंपण आणि खालनंपण. गॉगलवर एस १, एस २, एस ३ असे आकडे असतात. ढगाळ दिवसाला एस १, कडक उन्हाला एस ३, एकच घ्यायचा असेल तर एस २. चष्मा असेल तर चष्म्यावरनं बसणारा मोठा गॉगल मागा, आणि आपलं हेल्मेट सोबत असेल तर दोन्ही एकत्र घालून बघा, कपाळावर मध्ये फट राहिली तर तेवढाच पट्टा गारठतो. वाफ धरली तर आतनं बोटानं पुसू नका, वाफ न धरणारा लेप निघून जातो. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीपण लावा, बर्फावरनं ऊन तिथंच मारतं. मी नाही लावलं, आठवडाभर सोललेलं नाक घेऊन टिळकवाडीत फिरत होतो आणि प्रत्येकजण विचारत होता, "काय वो, भाजलं काय?"

स्टेप ८: विकत काय, भाड्यानं काय

माझं मत सांगतो. अंगाला लागतं ते सगळं विकत, म्हणजे थर्मल, सॉक्स, ग्लोव्ह्ज, बफ, गॉगल. कडक आणि महाग ते भाड्यानं, म्हणजे स्की, बूट, पोल, हेल्मेट. पँट आणि जॅकेट मधलं, परत जायचा विचार असेल तर घ्या, नाहीतर चुलत भावाकडनं, ऑफिसातल्या कुणाकडनं मागून आणा, आजकाल प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जाऊन आलेला असतोच.

गुलमर्गच्या आधी खाली टंगमर्गला गाडी थांबली की लाँग कोट आणि गमबूट घ्या म्हणून लोक मागं लागतात. तो कोट बर्फात उभं राहून फोटो काढायचा कोट आहे, गुडघ्याखाली लोंबतो, त्यात स्कीइंग होत नाही. नको असेल तर हसून नको म्हणा, भांडू नका, त्यांचं पोट त्याच्यावर आहे. तिथला स्की सूट भाड्यानं घेणार असाल तर आत हात घालून अस्तर ओलं आहे का बघा, आदल्या दिवशीच्या माणसाचा घाम तुमच्या नशिबी नको. चेन वरपासनं खालपर्यंत ओढून बघा.

विकत घ्यायला आपल्याकडं गणपत गल्ली, खडे बाजारात स्वेटर, टोप्या मिळतात, स्कीची पँट शोधू नका, वेळ जातो. पुणे नाहीतर बेंगळुरूला जाणं होतच असेल तर डेकॅथलॉनमध्ये घालून बघून घ्या, त्यांच्याकडं खास स्कीचे कपडे असतात, सुरुवातीला पुरतात. ऑनलाइन मागवणार असाल तर साइज बदलायला वेळ राहील असं, दोन महिने आधी मागवा.

स्टेप ९: घरी ट्रायल

सगळं घालून, हेल्मेटसकट, हॉलमध्ये दहा बैठका मारा. हात वर करा, पाठ उघडी पडते का बघा. गुडघ्यात आवळतं का बघा. घरचे हसतील. गरम होतंय म्हणून एक थर कमी करू नका, बेळगावात डिसेंबरमध्येपण दुपारी ऊनच असतं, तिथली थंडी इथं मोजता येत नाही.

पाण्याची परीक्षा मात्र इथंच होते. गच्चीवर एक पोतं चिंब भिजवून टाका, पँट घालून त्यावर दहा मिनिटं बसा, मोबाइल बघत. उठल्यावर आतनं बुडाला ओल लागली तर पँट परत करा. ग्लोव्ह्ज घालून हात पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत दोन मिनिटं धरा. कंपनी काय म्हणते ते राहू दे, पोतं आणि बादली खोटं बोलत नाहीत. लेबल काढायच्या आधी करा, आणि नंतर वाळवून, दुकानदाराला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पॅकिंगला, विमानात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात असतं. जॅकेट आणि जड बूट अंगावर घालूनच बसा. थर्मलचा एक जोड, सॉक्स आणि ग्लोव्ह्ज हातातल्या बॅगेत, चेक-इनची बॅग उशिरा आली तरी पहिला दिवस वाया जात नाही. गोवा एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत जाणाऱ्यांना वजनाची कटकट नाही, कुंदा आणि चिवड्याला जागा उरते. तरुण भारतचे जुने चार-पाच अंक बॅगेत टाका, का ते खाली सांगतो.

स्टेप १०: तिथं गेल्यावर रोज

चढायला लागलात की घाम यायच्या आधी चेन उघडा, आल्यावर नाही. शिकवणारा बोलत असतो तेव्हा आपण दहा-पंधरा मिनिटं उभे असतो, तेव्हा परत लावा. दिवसभर हेच, उघड आणि लाव. दुपारी जेवताना जॅकेट आणि फ्लीस काढून बसा, नाहीतर आत घामेजून बाहेर आलात की गारठता. पडल्यावर बर्फ लगेच झटका, अंगाच्या उबेनं वितळला की मग तो पाणी.

संध्याकाळी रूमवर पोचलात की चहाच्या आधी कपडे वाळत घाला. ओले बूट असतील तर आत तरुण भारतचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, सकाळपर्यंत बऱ्यापैकी कोरडे होतात. हॉटेलमध्ये बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी पेटवतात, ती बघून सगळ्यांनाच मोह होतो. तिच्यावर काही टाकू नका, वॉटरप्रूफ कापडाचा आतला पापुद्रा तापला की सुटतो, ग्लोव्ह्जचं चामडं कडक होतं. चार-पाच हातावर खुर्चीवर पसरून ठेवा. परत घरी आल्यावर पँट, जॅकेट धुताना कम्फर्ट वगैरे घालू नका, पाणी झटकणारा लेप त्यानं निकामी होतो.

आणि ग्लोव्ह्ज वाळवताना आतलं अस्तर बाहेर ओढून उलटं करू नका. पाच बोटांचं अस्तर एकदा बाहेर आलं की परत आत जात नाही. मी सकाळी आठ वाजता, बाहेर शिकवणारा वाट बघत असताना, पेन्सिल घालून एकेक बोट आत ढकलत बसलो होतो, करंगळी शेवटपर्यंत गेलीच नाही.